चोवीस इंचांचं डांबर

२४ जुलै १९८३, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम, बेसबॉलचा सामना. शेवटच्या, म्हणजे नवव्या डावात यजमान संघ यांकीज ४-३ असा पुढे. कॅन्सस सिटी रॉयल्सचे दोघे बाद, तिसरा बाद झाला की सामना संपला; एक जण पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेतल्या पहिल्या टप्प्यावर, आणि फलंदाजीला जॉर्ज ब्रेट. गूस गॉसेजचा वेगवान चेंडू ब्रेटनं थेट प्रेक्षकांत धाडला. होमरन! बेसवरच्याची एक आणि ब्रेटची एक, अशा दोन धावा. रॉयल्स ५-४.

तेवढ्यात यांकीजचे मॅनेजर बिली मार्टिन अंपायरकडे गेले: बॅट तपासा. त्यांनी ती आधीच हेरून ठेवली होती. पकडीसाठी बॅटला लावायचा चिकट पदार्थ, म्हणजे पाइनचं डांबर (पाइन टार), मुठीपासून १८ इंचांपलीकडे जाता कामा नये, असा नियम होता. मोजपट्टी कुणाकडेच नव्हती, म्हणून अंपायरांनी १७ इंच रुंदीच्या होम प्लेटवरच, म्हणजे फलंदाजाजवळ जमिनीत बसवलेल्या पाटीवर, बॅट आडवी धरून पाहिली. चिकटा पार पुढे, २४ इंचांच्या आसपास गेलेला. ब्रेट बाद, सामना यांकीजचा. ब्रेट डोळे वटारून, हात फेकत अंपायरवर धावून गेला. बेसबॉलमधलं रागाचं इतकं निखळ चित्रण दुसरं नसेल.

हा चिकटा म्हणजे आपल्या रस्त्यावरचं डांबर नव्हे. पाइनचं लाकूड हवा लागू न देता तापवलं की ते पेटत नाही, त्यातून काळपट, दाट द्रव पाझरतो. पूर्वी जहाजांचे दोर आणि फळ्या याच पदार्थानं पाण्यापासून वाचवत. तो पाण्यात सहजी विरघळत नाही, त्यामुळे तळहाताला घाम आला तरी बॅट निसटत नाही. ब्रेट हातमोजे घालत नसे, म्हणून त्याला हे डांबर जरा जास्तच लागे.

पण चेंडू लांब गेला तो डांबरामुळे नव्हे. चेंडू बॅटला टेकतो जेमतेम सेकंदाचा हजारावा भाग. १४५ ग्रॅमचा चेंडू सेकंदाला ४० मीटर वेगानं आला आणि ४५ मीटर वेगानं परत गेला असं धरा. ढोबळ हिशेबानं त्या क्षणी त्याच्यावर सव्वा टन वजनाएवढं बल पडतं. हा धक्का मुठीपर्यंत पोचून परत फिरेपर्यंत चेंडू बॅट सोडून गेलेला असतो. म्हणजे टक्कर होताना मूठ किती घट्ट आहे, याला फारसा अर्थ उरत नाही. घट्ट पकडीचा उपयोग त्याआधी, बॅट फिरवताना. आणि तेवढं काम मुठीजवळचं डांबर किंवा हातमोजेही करतात. शिवाय चेंडू जोरात बसतो तो बॅटच्या जाड भागावर, मुठीपासून साधारण २८ इंचांवर. तिथवर डांबर पोचलंच नव्हतं.

मग नियम कशासाठी? डांबरानं चेंडू मळायचे, मळलेला चेंडू बदलावा लागायचा, आणि चेंडूंना पैसे पडायचे. एवढंच! हे दोन्ही संघ ज्यात खेळत, त्या अमेरिकन लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी हाच हेतू धरून चार दिवसांनी निकाल फिरवला. होमरन कायम, उरलेला खेळ पुढे चालू.

१८ ऑगस्टला, जवळजवळ रिकाम्या स्टेडियममध्ये, यांकीजनं डावखुऱ्या डॉन मॅटिंग्लीला क्षेत्ररक्षणासाठी सेकंड बेसवर उभं केलं. त्या जागी डावखुरा सहसा दिसत नाही. मला तरी ती उघड थट्टाच वाटते. बारा मिनिटांत खेळ आटोपला. रॉयल्स ५-४.

बॅट आता कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयात आहे.