महिला महाविद्यालयाचा स्नेहसंमेलन सप्ताह : नाशिकच्या संदर्भात पार्श्वभूमी

दिवाळीनंतरचे सत्र रुळले आणि नाशिकची थंडी अंगावर येऊ लागली की शहरातल्या महिला महाविद्यालयांमध्ये स्नेहसंमेलनाचा आठवडा जवळ येतो. क्रीडास्पर्धांनी सुरुवात होते, मधल्या दिवसांत रांगोळी, मेंदी, पाककला, वक्तृत्व आणि काव्यवाचन उरकले जाते, एक दिवस पारंपरिक वेशभूषेचा असतो, एक आनंदमेळ्याचा, एक विविध गुणदर्शनाचा, आणि शेवटी पाहुण्यांच्या हस्ते पारितोषिक वितरण होऊन सप्ताह संपतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याची चार ओळींची बातमी येते. मात्र या आठवड्यातला प्रत्येक दिवस वेगळ्या काळात आणि वेगळ्या कारणाने महाविद्यालयात आलेला आहे. मुलींनी चार लोकांसमोर उभे राहावे की नाही, या प्रश्नावर महाराष्ट्रात जे काही घडले, त्याच्या खुणा या कार्यक्रमपत्रिकेत आजही दिसतात.

सर्वांत जुनी खूण पारितोषिक वितरणात आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. पुढच्या काही वर्षांत या शाळांतील मुलींच्या सार्वजनिक परीक्षा घेतल्या जाऊ लागल्या आणि त्या पाहायला पुण्यातले लोक गर्दी करू लागले. मुलगी शिकू शकते, याचा पुरावा तेव्हा भर सभेत द्यावा लागत होता. यांपैकी एका शाळेतल्या मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. वक्तृत्व आणि निबंधाच्या स्पर्धा आज ‘नेहमीच्याच’ म्हणून मागच्या बाकांवर पडतात, तेव्हा मला हा निबंध आठवतो. सावित्रीबाईंची जयंती ३ जानेवारीला आणि जिजाऊंची १२ जानेवारीला असते, त्यामुळे कित्येक ठिकाणी सप्ताहाची आखणी याच दोन तारखांच्या आधाराने केली जाते.

नाशिकचे नाव या इतिहासात फार लवकर येते. मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी हिचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिकमध्ये झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ती पदवी परीक्षेत पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली. त्या क्रमांकामुळे इंग्लंडमध्ये शिकण्यासाठी मिळणारी सरकारी शिष्यवृत्ती केवळ ती स्त्री असल्याने तिला नाकारली गेली. हितचिंतकांनी वर्गणी करून पैसे उभे केले, १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला गेली आणि तिथे कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री ठरली. परीक्षा १८९२ मध्ये दिली, पण पदवी हातात पडायला १९२२ साल उजाडावे लागले, कारण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड स्त्रियांना पदव्याच देत नव्हते. या गावात जन्मलेल्या मुलीने पदवीसाठी तीस वर्षे वाट पाहिली, ही गोष्ट पारितोषिक वितरणाच्या भाषणात एकदा तरी सांगितली जावी, असे मला मनापासून वाटते.

रांगोळी, पाककला, शिवणकाम आणि पुष्परचना या स्पर्धांचा उगम धोंडो केशव कर्वे यांच्या विचारात शोधावा लागतो. हिंगण्याच्या विधवांसाठीच्या आश्रमाचे आणि महिला विद्यालयाचे काम करीत असताना कर्वे यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली. १९१५ च्या डिसेंबरमध्ये मुंबईला भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ती प्रत्यक्षात आणली. शिक्षण मातृभाषेतून द्यायचे आणि अभ्यासक्रमात गृहजीवनशास्त्र, आरोग्य व ललित कला यांना जागा द्यायची, हे त्या विद्यापीठाचे वेगळेपण होते. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाने ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजेच एसएनडीटी, विद्यापीठ झाले. मुलींना वेगळा अभ्यासक्रम कशाला, ही टीका तेव्हाच्या सुधारकांनीही केली होती, आणि पाककलेची स्पर्धा महिला महाविद्यालयातच का, हा आज विद्यार्थिनी विचारतात तो प्रश्न त्याच टीकेचा वारसा आहे. प्रश्न रास्त आहे. पण ज्या काळात घराबाहेर पडून शिकणेच वादाचे होते, त्या काळात घरातल्या कौशल्याला विद्यापीठाच्या परीक्षेत गुण देणे, हा पालकांना दारापर्यंत आणण्याचा एक मार्ग होता, हेही विसरता येत नाही.

नाशिकमध्ये उच्च शिक्षणाची वाट गोखले एज्युकेशन सोसायटीने घातली. ही संस्था १९१८ मध्ये स्थापन झाली आणि आज एच. पी. टी. म्हणून ओळखले जाणारे तिचे महाविद्यालय १९२४ मध्ये नाशिकला सुरू झाले. तिथे मुले-मुली एकत्र शिकत. याच संस्थेने पुढे मुलींसाठी स्वतंत्र महाविद्यालय काढले. एस. एम. आर. के.-बी. के.-ए. के. महिला महाविद्यालय हे त्याचे लांबलचक नाव, आणि त्याची संलग्नता कर्वे यांच्या विद्यापीठाशी. एकत्र शिक्षणाच्या महाविद्यालयात गॅदरिंगची सूत्रे वर्षानुवर्षे मुलांकडे असत. ‘जी. एस.’ म्हणजे जनरल सेक्रेटरी बहुधा मुलगा असे आणि मुलींसाठी ‘एल. आर.’, म्हणजे लेडीज रिप्रेझेंटेटिव्ह, असे वेगळे पद ठेवलेले असे, ज्याच्या वाट्याला रांगोळी, स्वागत आणि पाहुण्यांना ओवाळणे ही कामे येत. महिला महाविद्यालयात या पदाला अर्थच उरत नाही. तिथे जी. एस. मुलगीच असते, मंडपवाल्याशी दर ठरवणारी मुलगीच असते आणि रात्री ध्वनिक्षेपकाची वायर गुंडाळून ठेवणारीही मुलगीच असते. या सप्ताहाचे महत्त्व मला इथे सर्वांत अधिक जाणवते.

विविध गुणदर्शनाच्या दिवसाची पूर्वपीठिका तर नाशिककरांच्या घरचीच आहे. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामतीची भूमिका करायला एकही स्त्री मिळाली नाही. अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला त्यांनी लुगडे नेसवले. त्याच वर्षी फाळके आपला चित्रपटांचा कारखाना घेऊन नाशिकला आले आणि इथे काढलेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, तर त्यांची किशोरवयीन मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, मोहिनी झाली. भारतीय पडद्यावर स्त्रीची भूमिका स्त्रीने केली ती अशी नाशिकात. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळके यांची लहानगी मुलगी मंदाकिनी हिने चक्क बाळकृष्ण साकारला. फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई पडद्यावर कधी दिसल्या नाहीत, पण फिल्मला छिद्रे पाडण्यापासून साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सांभाळण्यापर्यंत सगळे त्यांनी केले. मराठी रंगभूमीवर सुशिक्षित घरांतल्या स्त्रियांचा वावर प्रतिष्ठित व्हायला त्यानंतरही वेळ लागला. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेच्या नाटकात ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, ती त्या वाटेवरची ठळक घटना मानली जाते.

महिला महाविद्यालयाच्या एकांकिकेत हा सगळा प्रवास उलटा फिरतो. इथे शिवाजी महाराज, सासरा, दारुडा नवरा, फौजदार सगळ्या भूमिका मुलींच्याच. तालीम पाहताना एक गोष्ट नेहमी दिसते. पुरुषपात्र करणारी मुलगी सुरुवातीचे काही दिवस ओढणी कमरेला बांधून, खांदे आक्रसूनच वावरते. मग कोणीतरी तिला सांगते की आधी पाय फाकवून उभी राहा, आवाज आपोआप निघेल. ती तशी उभी राहते आणि तिचा आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. तिचा तिलाच तो नवा वाटतो.

लोकनृत्यांचा भाग त्याहून जुन्या परंपरेतून येतो. मंगळागौरीच्या जागरणातली फुगडी, झिम्मा आणि पिंगा, आश्विनातला भोंडला, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणारे हळदीकुंकू ही बायकांची हक्काची एकत्र येण्याची ठिकाणे होती. अंगणातून हे खेळ व्यासपीठावर आले. पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतून शिकायला येणाऱ्या मुलींनी त्यात आपले नाच आणले. तारपा हे फुंकवाद्य वाजवणारा परंपरेने पुरुष असतो, म्हणून त्याचा सूर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणायचा आणि फेर मात्र स्वतः धरायचा, अशी तडजोड होते. हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात विधवांना वगळण्याची जुनी रीत महाविद्यालयाच्या आवारात तरी पाळली जाऊ नये, यासाठी काही प्राध्यापिका तिळगूळ समारंभ एवढेच नाव ठेवतात. नावातला हा बदल लहान असला तरी कर्वे यांच्या कामाशी त्याचे थेट नाते आहे.

आनंदमेळ्याचा दिवस वरवर खाण्यापिण्याचा दिसतो. पाच-सहा जणींनी वर्गणी काढायची, गाळा घ्यायचा आणि मिसळ, भेळ, पाणीपुरी किंवा दाबेली विकायची. नाशिकात मिसळीचा गाळा नाही असा आनंदमेळा दुर्मीळच. पण गाळ्याच्या मागे गेले की खरे काम दिसते. डब्याच्या झाकणात सुटी नाणी, पाटीला टेकवलेला क्यूआर कोड आणि शंभर पानी वहीत उभ्या रेघा मारून केलेले रकाने : मटकी, फरसाण, पाव, गॅस, प्लेटा. दुपारी पाव संपले म्हणून दुसऱ्या गाळ्याकडून उसने घेतलेले दोन डझन पाव त्याच वहीत कोपऱ्यात लिहून ठेवलेले असतात. घरातला पैशाचा व्यवहार ज्यांच्या हातात कधी आलेला नसतो, त्यांच्यापैकी अनेकींचा हा पहिला ताळेबंद असतो.

क्रीडास्पर्धांत संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा होते तसेच आहेत, पण धावण्याच्या शर्यतीकडे पाहण्याची नजर बदलली आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. त्यानंतर डोंगराळ पाड्यांतून आलेल्या मुलीला ‘तू धावतेस का?’ असे आपणहून विचारले जाऊ लागले. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे निवासी शिबिर बहुधा याच सत्रात होते. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात ३७ विद्यापीठांमध्ये सुरू झाली. मुलीला सात रात्री परगावी पाठवण्याची परवानगी घरून मिळवणे हे श्रमदानाहून कठीण असते, हे शिबिर घेतलेल्या प्रत्येक प्राध्यापिकेला ठाऊक आहे.

साडी डे, ग्रुप डे, मिसमॅच डे ही अलीकडची भर. त्यांच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही, एवढे मात्र नमूद करायला हवे की भाड्याच्या पोशाखाचा खर्च न झेपणाऱ्या मुली त्या दिवशी गैरहजर राहतात, आणि हे लक्षात घेऊन काही वर्गांनी आईची किंवा आजीची साडी हाच नियम केला आहे.

सप्ताहाचे वेळापत्रक शेवटी एसटी ठरवते. निफाड, दिंडोरी, सिन्नर आणि त्र्यंबकच्या वाटेवर राहणाऱ्या मुलींना संध्याकाळची गाडी चुकवून चालत नाही, म्हणून महिला महाविद्यालयाचे संमेलन सकाळी सुरू होते आणि उन्हे कलली की आटोपते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट झाले, तेव्हापासून बक्षीस पाहायला गावाकडून आई आणि आजीही येऊ लागल्या आहेत. पारितोषिक वितरणाच्या दिवशी त्या पदर सावरून मागच्या खुर्च्यांवर बसतात. नाव पुकारले जाते, मुलगी पायऱ्या चढून जाते, आणि मागून कोणीतरी शेजारणीला हळूच सांगते, ‘आमची आहे ती.’