अँड्रॉइड एसडीकेचे घटक : निवड आणि इन्स्टॉलेशन

अँड्रॉइड फोनसाठी ॲप तयार करताना संगणकावर जी साधने लागतात, त्यांच्या संचाला अँड्रॉइड एसडीके म्हणतात. हा संच एकसंध नाही. तो सुट्या घटकांचा असून त्यांतले काही सगळ्यांनाच लागतात, काही क्वचित कोणाला लागतात, तर काही केवळ जुन्या प्रोजेक्टांपुरते उरले आहेत. कोणते घटक घ्यायचे हे प्रोजेक्टच्या बिल्ड फाइलवरून, म्हणजे ॲप कसे बांधायचे ते लिहिलेल्या फाइलवरून, ठरते. हातातल्या फोनवर काय चालते किंवा यादीत सर्वांत वर काय दिसते, याचा त्याच्याशी संबंध नाही. नाशिकमधल्या संगणक शाखांत हे काम दरवर्षी नव्याने होते आणि दरवर्षी त्यात बराच डेटा फुकट जातो. त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

पार्श्वभूमी

गूगलने एसडीकेची पहिली चाचणी आवृत्ती नोव्हेंबर २००७ मध्ये आणि १.० आवृत्ती सप्टेंबर २००८ मध्ये दिली. तेव्हा काम एक्लिप्स या कोड लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये एडीटी हा अँड्रॉइडचा प्लग-इन (जोडप्रोग्राम) बसवून चालत असे. मे २०१३ मध्ये ॲप बांधण्याचा गूगलचा स्वतःचा प्रोग्राम, अँड्रॉइड स्टुडिओ, जाहीर झाला, डिसेंबर २०१४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली आणि २०१५ अखेर गूगलने एडीटीकडे लक्ष देणे थांबवले. राज्याच्या तंत्रशिक्षण डिप्लोमात सहाव्या सत्राला ‘मोबाइल ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट’ हा विषय आहे. त्याच्या प्रात्यक्षिकांच्या यादीत एडीटीचे नाव त्यानंतरही दिसत राहिले. मुले उघडतात स्टुडिओ आणि जर्नलमध्ये उतरवतात एडीटी. परीक्षकही त्यावर अडून बसत नाहीत.

किमान लागणारे घटक

साध्या जावा किंवा कॉटलिन ॲपला चार घटक पुरतात. पहिला म्हणजे एसडीके प्लॅटफॉर्म. विशिष्ट एपीआय लेव्हलची, म्हणजे अँड्रॉइडच्या आवृत्तीच्या अनुक्रमांकाची, ‘अँड्रॉइड डॉट जार’ फाइल यात असते आणि कोड तिच्याशी ताडून कंपाइल होतो. दुसरा बिल्ड-टूल्स. संसाधने बांधणारे, बाइटकोड फोनच्या रूपात आणणारे आणि तयार ॲपवर सही करणारे प्रोग्राम त्यात असतात. तिसरा प्लॅटफॉर्म-टूल्स, म्हणजे मुख्यतः फोनशी बोलणारा एडीबी. चौथा कमांड-लाइन टूल्स. चारही मिळून डाउनलोड साधारण ३०० एमबीच्या आसपास जातो. अँड्रॉइड स्टुडिओ स्वतः एक जीबीहून मोठा आहे, त्यामानाने हे काहीच नाही.

गोंधळ होतो तो प्लॅटफॉर्मच्या निवडीत. बिल्ड फाइलमध्ये तीन आकडे असतात : मिनएसडीके, टार्गेटएसडीके आणि कंपाइलएसडीके. मिनएसडीके २१ असेल तर ॲप अँड्रॉइड ५.० पासूनच्या फोनवर बसते. याचा अर्थ लेव्हल २१ चा प्लॅटफॉर्म संगणकावर हवा, असा अनेकांचा समज होतो. मग एसडीके मॅनेजर या घटक निवडण्याच्या खिडकीत २१ पासून ३५ पर्यंत सगळ्या ओळींवर टिक पडते आणि रात्रभर डाउनलोड चालतो. प्रत्यक्षात इन्स्टॉल करावा लागतो फक्त कंपाइलएसडीकेचा प्लॅटफॉर्म, म्हणजे एकच. टार्गेटएसडीके हे फोनला दिलेले एक वचन आहे : या आवृत्तीच्या नियमांनुसार ॲप तपासले आहे, तेव्हा ते नियम लावायला हरकत नाही. त्यासाठी वेगळे काही उतरवावे लागत नाही. प्ले स्टोअरला मात्र या आकड्याशी कर्तव्य असते. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या ॲपांना आणि अपडेटना लेव्हल ३५, म्हणजे अँड्रॉइड १५, टार्गेट करणे सक्तीचे झाले. वर्षभर आधी हीच अट ३४ ची होती. कॉलेजच्या व्हायव्हापुरत्या ॲपला ही अट लागू नाही, त्यामुळे सरांनी दिलेला प्रोजेक्ट ३३ वर असेल तर ३३ चाच प्लॅटफॉर्म घ्यावा. उगाच आकडा वाढवला की ग्रॅडलचा, म्हणजे ॲप बांधणाऱ्या साधनाचा, अँड्रॉइड प्लग-इनही वाढवावा लागतो. लेव्हल ३५ साठी तो किमान ८.६ हवा, ३६ साठी ८.९.१. प्लग-इन वाढला की ग्रॅडल वाढते, ग्रॅडल वाढले की जावा. प्लग-इन ८.० पासून जावा १७ लागते.

जावा वेगळे इन्स्टॉल करण्याची गरज आता उरलेली नाही. स्टुडिओसोबत ते येतेच. पण आधीच्या सत्रात जावा शिकताना बसवलेले जेडीके ८ अनेक लॅपटॉपवर असते, पाथमध्ये (संगणक प्रोग्राम जिथे शोधतो त्या यादीत) तेच पुढे असते आणि टर्मिनलमधून बिल्ड केले की ते आडवे येते. उलट बाजूही आहे. वरच्या वर्गातल्या मुलांकडून आलेला जुना प्रोजेक्ट नव्या स्टुडिओत उघडला की ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१’ किंवा ‘६५’ असा निरोप येतो. ६१ म्हणजे जावा १७, ६५ म्हणजे जावा २१. त्या प्रोजेक्टचे ग्रॅडल इतके नवे जावा ओळखत नाही. एसडीके मॅनेजरमध्ये काहीही टिक केले तरी हा दोष जात नाही. प्रोजेक्टचे ग्रॅडल तरी वर न्यावे, नाहीतर सेटिंगमधून त्याला जुने जावा द्यावे.

एसडीके मॅनेजरची यादी

स्टुडिओतल्या या खिडकीत ‘एसडीके प्लॅटफॉर्म्स’ आणि ‘एसडीके टूल्स’ असे दोन टॅब आहेत. खालच्या कोपऱ्यात ‘शो पॅकेज डिटेल्स’ हा चौकोन असतो. तो टिक केल्याशिवाय यादीवर विश्वास ठेवू नये. नुसत्या ‘अँड्रॉइड १४’ या ओळीवर टिक केली तर प्लॅटफॉर्मबरोबर त्याचा सोर्स कोडही उतरतो. सोर्स उपयोगी असला तरी आवश्यक नाही. तपशील उघडल्यावर त्याच ओळीखाली एम्युलेटरच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या नकली फोनच्या, सिस्टिम इमेजची रांग दिसते आणि जीबी खाणारी मंडळी तीच. बिल्ड-टूल्सच्या अनेक आवृत्त्याही अशाच ‘एसडीके टूल्स’ टॅबमध्ये दिसतात. प्लग-इन स्वतःला हवी ती आवृत्ती ठरवतो आणि लायसन्स स्वीकारलेले असेल तर उतरवूनही घेतो, त्यामुळे हाताने निवडण्याची वेळ सहसा येत नाही.

अपवाद जुन्या प्रोजेक्टांचा. बिल्ड-टूल्स ३१ मधून ‘डीएक्स’ हा जुना प्रोग्राम काढून टाकला गेला आणि त्याची जागा आधीच आलेल्या ‘डी८’ ने घेतली. जुना प्लग-इन मात्र डीएक्स शोधत राहिला आणि तो सापडेना म्हटल्यावर ‘इन्स्टॉल्ड बिल्ड टूल्स रिव्हिजन ३१.०.० इज करप्टेड’ असे सांगू लागला. करप्ट काहीच नव्हते. लोकांनी ते काढून पुन्हा पुन्हा इन्स्टॉल केले, कोणी डी८ च्या फाइलचे नाव बदलून डीएक्स केले आणि तो जुगाड चाललाही. खरा उपाय म्हणजे प्लग-इन ७ च्या पुढे नेणे किंवा बिल्ड-टूल्स ३०.०.३ वर थांबणे.

टूल्सच्या टॅबमध्ये ‘कमांड-लाइन टूल्स’ ही ओळ बऱ्याचदा टिक नसलेली सापडते. नुसत्या स्टुडिओवर काम करणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. फ्लटर (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोनची ॲप करणारा संच) वापरणाऱ्याला पहिल्याच दिवशी लागतो, कारण त्याची ‘फ्लटर डॉक्टर’ ही तपासणी तिथेच अडते. ही साधने झिपमधून हाताने उतरवली तर ‘सीएमडीलाइन-टूल्स’ फोल्डरच्या आत ‘लेटेस्ट’ नावाचा फोल्डर करून सगळे त्यात ठेवावे लागते. झिप उलगडली की तो फोल्डर आपोआप तयार होत नाही, आणि मग एसडीके मॅनेजरला एसडीकेचे मूळच सापडत नाही. ‘गूगल यूएसबी ड्रायव्हर’ या ओळीचेही तसेच. तो विंडोजवर गूगलच्या स्वतःच्या फोनांसाठी आहे. दुसऱ्या कंपनीचा फोन एडीबीला दिसत नसेल, तर त्या कंपनीचा ड्रायव्हर शोधावा.

एम्युलेटर की खरा फोन

गूगलच्या शिफारशीनुसार नुसत्या स्टुडिओला किमान ८ जीबी रॅम लागते आणि एम्युलेटरसह १६ जीबी. नाशिकच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या हातात ८ जीबीचा लॅपटॉप असतो आणि इंटरनेट म्हणजे फोनचा हॉटस्पॉट, रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर. एक सिस्टिम इमेज उतरवली की त्या दिवसाचा डेटा संपला. त्यामुळे स्टुडिओच्या पहिल्या सेटअपमध्ये ‘स्टँडर्ड’ऐवजी ‘कस्टम’ निवडून ‘व्हर्च्युअल डिव्हाइस’वरची टिक काढावी, हा इथला शहाणपणाचा मार्ग. खिशातला फोन सेटिंगमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केल्यावर डेव्हलपर फोन होतो. यूएसबी डीबगिंग सुरू केले की झाले. अँड्रॉइड ११ पासून हेच काम एकाच वाय-फायवर, केबलशिवायही होते. केबल मात्र डेटा वाहणारी हवी. चार्जरसोबत मिळालेली किंवा मेन रोडवरून स्वस्तात आणलेली केबल कधीकधी फक्त चार्जिंगच करते, आणि बिचाऱ्या ड्रायव्हरला दोष लागतो.

एम्युलेटर हवाच असेल तर एकच इमेज घ्यावी. इंटेल-एएमडी प्रोसेसरवर ‘एक्स८६_६४’, ॲपलच्या एम-मालिकेच्या मॅकवर ‘एआरएम६४’. ‘गूगल प्ले’ लिहिलेल्या इमेजमध्ये प्ले स्टोअर असते, पण एडीबीला रूट, म्हणजे सर्वाधिकार, मिळत नाही. ‘गूगल एपीआयज’वालीत नेमके उलट. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एम्युलेटरला मदत करणारी प्रोसेसरची सोय, चालू नसेल तर कोणतीही इमेज रांगतच चालते. जुन्या नोट्समध्ये ‘हॅक्सम इन्स्टॉल करा’ (एम्युलेटरला वेग देणारा इंटेलचा ड्रायव्हर) ही पायरी अजून सापडते. इंटेलने त्याचे काम २०२३ च्या सुरुवातीला बंद केले असून विंडोजवर आता विंडोजचाच हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म किंवा गूगलचा स्वतःचा ड्रायव्हर वापरतात.

फोल्डरांची नावे

विंडोजवर एसडीके युजरच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरात ‘लोकल’, ‘अँड्रॉइड’, ‘एसडीके’ या मार्गाने बसतो. ॲपडेटा लपवलेला असतो, म्हणून ‘इन्स्टॉल तर झाले, पण गेले कुठे’ असा प्रश्न पडतो. मराठी माणसाची अडचण याच्या पुढची. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना युजरचे नाव देवनागरीत टाकले असेल तर हा सगळा मार्गच देवनागरी होतो, आणि एसडीकेच्या जागेत इंग्रजीबाहेरची अक्षरे आहेत अशी तक्रार स्टुडिओ करतो. नावात मोकळी जागा असली तरी सी आणि सी++ कोडसाठीचा एनडीके कुरकुरतो. प्रोजेक्टचेही तेच. लासलगावचे बाजारभाव दाखवणारे ॲप इथे कोणालाही सहज सुचते. पण त्याचा फोल्डर ‘कांदा भाव’ असा ठेवला की विंडोजवर ग्रॅडल बिल्ड थांबवते. ‘अँड्रॉइड डॉट ओव्हरराइडपाथचेक’ ही ओळ ग्रॅडलच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये ट्रू करून ही तपासणी टाळता येते, तरी पुढे कुठेतरी ते उगवतेच. एसडीके सरळ सी किंवा डी ड्राइव्हच्या मुळाशी, इंग्रजी अक्षरांच्या आखूड नावाच्या फोल्डरात ठेवावा. ॲपच्या आत, पडद्यावर, हवी तेवढी देवनागरी लिहायला मोकळीक आहे.

नवी जागा निवडली की ‘अँड्रॉइड_होम’ हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल तिथे वळवावे. ‘अँड्रॉइड_एसडीके_रूट’ नावाचे जुने भावंड आता सोडून दिलेले आहे. प्रत्येक प्रोजेक्टमधली ‘लोकल डॉट प्रॉपर्टीज’ फाइल हाच पत्ता धरून असते. ती गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, टाकायची नसते. टाकली तर मित्राच्या लॅपटॉपवर आपल्या घरचा पत्ता शोधला जातो.

पेन ड्राइव्हवरून नेणे

सामनगाव रस्त्यावरचे शासकीय तंत्रनिकेतन, पंचवटीतले क. का. वाघ, त्र्यंबक रस्त्यावर महिरावणीचे संदीप फाउंडेशन, आडगावची भुजबळ नॉलेज सिटी अशा ठिकाणी निफाड, सिन्नर, दिंडोरीकडून मुले येतात. लॅबच्या संगणकावर चालणारा एसडीके पेन ड्राइव्हवर घेऊन घरी बसवणे हा त्यांच्यातला रुळलेला मार्ग आहे आणि तांत्रिकदृष्ट्या तो बरोबरही आहे. एकाच ऑपरेटिंग सिस्टिमवर एसडीकेचा फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवला तर तो चालतो. त्यातला ‘लायसन्सेस’ नावाचा छोटा फोल्डर विसरू नये. त्यात स्वीकृतीच्या खुणा असतात आणि त्या नसल्या की बिल्ड ‘लायसन्स नॉट ॲक्सेप्टेड’ म्हणत थांबते. (नेट असेल तर कमांड-लाइनवरून ‘लायसन्सेस’ची आज्ञा देऊन प्रत्येकाला वाय दाबले की भागते.)

फसते ते दुसरीकडेच. ऑफलाइन बिल्डसाठी एसडीके पुरत नाही. युजरच्या घरातला ‘डॉट-ग्रॅडल’ फोल्डरही लागतो, कारण ग्रॅडल आणि सगळ्या लायब्ररी तिथे साठतात. तो नेला नाही तर घरी पहिलाच सिंक पुन्हा नेट मागतो. एम्युलेटरची उपकरणे तिसरीकडे, ‘डॉट-अँड्रॉइड’मध्ये असतात आणि त्यांच्या आयएनआय फाइलमध्ये जुन्या संगणकाचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून पत्ता बदलावा, किंवा उपकरण नव्याने तयार करावे. इमेज आधीच असल्याने डेटा लागत नाही. या फोल्डरांत हजारो बारीक फाइल असल्याने थेट कॉपी करायला घेतली की शेवटची बस निघून जाते. आधी झिप करावी. फॅट३२ पेन ड्राइव्हवर ४ जीबीच्या पुढची फाइल मावत नाही, त्यामुळे ती एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्यावी लागते.

एनडीके, फ्लटर आणि आयफोन

एनडीके सी आणि सी++ साठी आहे. तो सीमेक या सी++ बांधणाऱ्या साधनासोबत तेव्हाच घ्यावा, जेव्हा प्रोजेक्ट मागतो. मागतो तेव्हा आवृत्तीही सांगतो. जावास्क्रिप्टमधून ॲप करणाऱ्या रिॲक्ट नेटिव्हमध्ये तो लागतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ व पुढे टार्गेट करणाऱ्या ॲपांतल्या नेटिव्ह (सी-सी++ मधल्या) लायब्ररींनी १६ केबी मेमरी पेज पेलले पाहिजे अशी प्ले स्टोअरची अट आहे. एनडीके आर२८ पासून तशी बांधणी आपसूक होते, जुन्या आवृत्तीत वेगळे फ्लॅग द्यावे लागतात.

फ्लटरला अँड्रॉइडचे हेच सगळे घटक लागतात. त्याचा स्वतःचा एसडीके त्याव्यतिरिक्त. आयफोनसाठी मॅक आणि ॲपलचा एक्सकोड प्रोग्राम यांना पर्याय नाही. एक्सकोड १५ पासून आयओएसचा सिम्युलेटरही वेगळा उतरवावा लागतो आणि तो काही जीबींचा असतो. मॅक नसणारे फ्लटरचा कोड विंडोजवर लिहितात आणि आयफोनची बांधणी भाड्याच्या क्लाउड मॅकवर करून घेतात.