कान वाजणे आणि मळाचा गैरसमज

कान वाजू लागले की आत मळच साचला असणार आणि काडीने तो काढला की आवाज थांबेल, हा समज फार जुना असला तरी अर्धवटच खरा आहे. मळाचा घट्ट बोळा हे एक कारण आहेच. परंतु बहुतेकदा मूळ आंतरकर्णात असते, जिथे प्रत्येक कानातील सुमारे १५,००० केशपेशींपैकी (आवाज टिपून मेंदूकडे संकेत पाठवणाऱ्या पेशी) अनेक वाढत्या वयाने किंवा ८५ डेसिबलहून मोठ्या आवाजात दीर्घकाळ राहिल्याने नष्ट होतात, पुन्हा तयार होत नाहीत, आणि त्यांच्याकडून न येणाऱ्या संकेतांची भरपाई करू पाहणारा मेंदूच तो गुणगुणाट उभा करतो, असे मानले जाते. ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रेनेही कान वाजतात. काडीने मात्र बहुधा मळ आणखी आत ढकलला जातो. नाडीच्या ठेक्यावर किंवा एकाच कानात येणारा आवाज कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा.