मुहूर्ताचं घड्याळ गोल दिसतंय का?

(जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर करून नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

पेनड्राइव्ह घरी नेला, टीव्हीला लावला आणि चित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले, की आम्हाला फोन येतो. "अहो, तुमची कॉपी अर्धवट झालीये, दोन्हीकडचं गेलंय." आठवड्यात असे चार-पाच फोन तरी होतात. कॉपी अर्धवट झालेली नसते आणि दोन्हीकडचं काही गेलेलंही नसतं. म्हणून आता हा कागद प्रत्येक पिशवीत टाकायचं ठरवलं आहे. वाचायला पाच मिनिटं लागतील. तीन तासांची कॅसेट पुन्हा उतरवायला मात्र तीनच तास लागतात, कारण ती चालवूनच उतरवावी लागते. त्याला शॉर्टकट नाही.

तुमच्या लग्नाचं शूटिंग झालं तेव्हा टीव्हीचा पडदा चार भाग रुंद आणि तीन भाग उंच असायचा. कॅमेराही त्याच मापाचं चित्र टिपायचा. आज भिंतीवर लावलेला टीव्ही सोळा भाग रुंद आणि नऊ भाग उंच आहे. फुल एचडी पडदा 1920 ठिपके रुंद आणि 1080 ठिपके उंच असतो. त्यात जुनं चित्र पूर्ण उंचीने बसवलं तर ते 1440 ठिपके रुंदी घेतं. उरलेले 480 दोन बाजूंना 240-240 असे वाटले जातात, तेच ते पट्टे. पडद्याचा चौथा हिस्सा रिकामा राहिला तरी लग्नाचं चित्र पूर्ण असतं. आणि हे पट्टे आमच्या फाइलमध्ये नसतातच, ते टीव्ही दाखवतो. खात्री करायची असेल तर तीच फाइल लॅपटॉपवर छोट्या खिडकीत उघडून बघा.

हे चारास-तीन कुठून आलं, असं एका चौकस आजोबांनी विचारलं होतं, म्हणून थोडं विषयांतर. मूकपटांच्या काळात 35 मिलिमीटरच्या फिल्मवर साधारण याच आकाराची चौकट बसायची. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली पहिला मूकपट केला तो इथेच, दादरला. पुढे टीव्हीने सिनेमाचंच माप उचललं आणि 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेही त्याच मापात. तोवर सिनेमा मात्र टीव्हीपासून वेगळा दिसायला म्हणून आडवा पसरला होता. हॉलिवूडमध्ये 1953 साली सिनेमास्कोप आलं, आपल्याकडे गुरुदत्त यांनी ते 1959 साली आणलं. सिनेमास्कोपची रुंदी उंचीच्या 2.35 पट, जुन्या टीव्हीची 1.33 पट. नव्या टीव्हीसाठी या दोघांच्या मधलं 1.78 पट माप निवडलं गेलं, म्हणजेच 16:9. तडजोड म्हटली की दोघांचीही थोडी गैरसोय आलीच. जुन्या मालिकेला बाजूंना पट्टे आणि सिनेमास्कोपला वर-खाली पट्टे.

आता मुद्द्याचं. आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ खाते ती चूक कॅसेटमध्ये नसते, पेनड्राइव्हमध्येही नसते. ती टीव्हीच्या रिमोटमध्ये असते.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'पिक्चर साइज', 'अस्पेक्ट रेशो' किंवा 'वाइड मोड' अशा नावाचा पर्याय असतो. घरात कुणीतरी, बहुतेक वेळा पट्टे न आवडणाऱ्या माणसाने, तो कधीतरी 'फुल' किंवा 'झूम' वर नेऊन ठेवलेला असतो आणि मग विसरून गेलेला असतो. 'फुल'वर चित्र आडवं ताणलं जातं. नवरी फुगते, मंडपाचे खांब जाडजूड होतात, आणि तुम्ही म्हणता, "कॉपी करताना काहीतरी बिघडलं." 'झूम'वर चित्र ताणलं जात नाही, पण वरचा आणि खालचा भाग कापला जातो. मग नवरदेवाचा फेटा अर्धा आणि सप्तपदीत पावलंच नाहीत. तुम्ही पेनड्राइव्ह घेऊन ठाण्याहून दादरला येता, आम्ही तो आमच्या स्क्रीनवर लावतो, सगळं जागच्या जागी असतं. चहा घेऊन तुम्ही परत जाता. तुमचा रविवार गेला आणि आमचा अर्धा तास.

यावर आमची एक सोपी परीक्षा आहे. त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक लग्नाच्या कॅसेटमध्ये मंगलाष्टकांच्या आधी कॅमेरावाल्याने हॉलच्या भिंतीवरचं घड्याळ दाखवलेलं असतं, मुहूर्त साधला याचा पुरावा म्हणून. तिथे चित्र थांबवा आणि घड्याळावर पट्टी धरून उंची-रुंदी मोजा. दोन्ही सारखी असेल तर टीव्ही बरोबर लावलेला आहे. उंची 20 सेंटिमीटर आणि रुंदी 27 च्या आसपास आली तर चित्र ताणलेलं आहे. रिमोट घ्या आणि 'ओरिजिनल', 'नॉर्मल' किंवा '4:3' यातलं जे असेल ते निवडा. घड्याळ चौकोनी असेल तर कपाळावरची गोल टिकली बघा. औक्षणाच्या ताटावर मात्र विश्वास ठेवू नका. तिरकं धरलेलं ताट कुठल्याही टीव्हीवर लंबगोलच दिसणार.

काही टीव्हींवर पेनड्राइव्ह लावला की हा पर्याय फिका होतो आणि बदलता येत नाही. तो टीव्हीचा स्वभाव. अशा वेळी आम्हाला सांगा. आम्ही काळे पट्टे फाइलमध्येच घालून 16:9 ची दुसरी प्रत करून देतो, ती कुठल्याच टीव्हीवर ताणली जात नाही. पहिल्या महिन्यात आलात तर तिचे पैसे घेत नाही, कारण तेवढे दिवस मूळ फाइल आमच्याकडे ठेवलेली असते. त्यानंतर आलात तर कॅसेट पुन्हा लागते, म्हणून कॅसेटी टाकून देऊ नका. मुंबईच्या दमट हवेत कॅसेटीच्या फितीवर पांढरी बुरशी धरते, तेव्हा त्या सुक्या जागी ठेवा. माळ्यावर नको.

"मग तुम्हीच पडदा भरून द्या ना," हाही नेहमीचा आग्रह. पूर्वी देत होतो. एक ताई आई-वडिलांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी कॅसेट घेऊन आल्या होत्या. त्यांना पट्टे नकोच होते. आम्ही कापून दिलं. कापायचं म्हणजे वरून आठवा भाग आणि खालून आठवा भाग, मिळून चौथाई उंची जाते. त्या काळच्या कॅमेरावाल्याने पाहुण्यांची डोकी अगदी वरच्या कडेला टेकवलेली, आणि खाली बदामाच्या आकाराशेजारी 'शुभविवाह' आणि नावं. कार्यक्रमात स्क्रीनवर आजी आल्या त्या कपाळाच्या खालून, आणि नावातली अक्षरं अर्धी. ताई परत आल्या. रागावल्या नाहीत, पण आम्हालाच वाईट वाटलं. तेव्हापासून मूळ प्रत आम्ही जशी आहे तशीच देतो. कापलेली प्रत हवी असेल तर ती वेगळी करतो, आणि कापताना प्रत्येक प्रसंगात चौकट हाताने वर-खाली सरकवतो. त्याला वेळ लागतो, म्हणून तिचे वेगळे पैसे. कुणाकडे हे काम निम्म्या दरात होत असेल तर ते हे सरकवणं करतात का, एवढं विचारून घ्या.

हल्ली एक नवा प्रश्न येतो: एआय वापरून बाजूचा रिकामा भाग भरता येत नाही का? येतो. पण कडेला कोण उभं होतं ते कॅमेऱ्याने टिपलेलंच नाही. तिथे जे दिसेल ते तुमचं नातेवाईक नसेल. लग्नाच्या कॅसेटीवर आम्ही हे करत नाही.

झूम करणं कधी बरोबर असतं, तेही सांगतो. काही कॅमेऱ्यांत रुंद चित्राची सोय होती, पण खोटी. 4:3 च्या चौकटीतच वर-खाली काळे पट्टे मारून ते रुंद असल्याचं भासवायचे. अशी टेप आजच्या टीव्हीवर लावली की चारही बाजूंना काळं दिसतं, मधे टपाल तिकिटाएवढं चित्र. इथे झूम खुशाल करा, काहीच कापलं जात नाही. फक्त चित्राच्या मूळच्या 576 आडव्या रेषांपैकी 432 च कामाच्या असल्याने चित्र थोडं मऊ दिसेल. दुसऱ्या काही मिनीडीव्ही (छोट्या डिजिटल कॅसेटच्या) कॅमेऱ्यांत खरं रुंद चित्र आडवं दाबून त्याच 720 बाय 576 च्या चौकटीत भरलेलं असतं. दाबलेलं आहे ही खूण यंत्राने वाचली नाही तर सगळी माणसं लांबट आणि बारीक दिसतात. काही वहिनींना तेच आवडतं, तो भाग वेगळा. थोडक्यात, माणसं फुगलेली दिसली तर टीव्ही तपासा. लांबट दिसली तर आम्हाला फोन करा, ती आमची चूक असू शकते.

केबलवर किंवा डिशवर जुनी मालिका चारही बाजूंनी काळी दिसते, असंही काहीजण सांगतात. नवा टीव्ही आणला, पण सेटटॉप बॉक्स जुनाच असेल तर त्याच्या आत अजून 4:3 चा टीव्ही निवडलेला असतो. बॉक्सच्या मेनूत जाऊन तिथे 16:9 करा. दोन यंत्रं एकाच चित्रावर आपापली कात्री चालवत असली की असंच होतं.

चित्राच्या अगदी खालच्या कडेला दोन-चार थरथरत्या, तुटक रेषा दिसतात, त्या व्हीएचएसच्या प्रत्येक टेपवर असतात. जुना टीव्ही चित्राच्या कडा चौकटीआड लपवायचा, म्हणून त्या तुम्हाला कधी दिसल्या नाहीत. नको असतील तर ऑर्डर देतानाच सांगा, झाकून देतो.

हॉलमध्ये एलईडी वॉलवर दाखवायचं असेल तर वॉलचं माप फुटांत विचारून घ्या आणि मगच आमच्याकडे या. 12 बाय 8 फुटांची वॉल म्हणजे 3:2, ती 16:9 ही नाही आणि 4:3 ही नाही. ऑपरेटर ऐनवेळी चित्र वॉलभर ताणून बसवतो आणि सगळं कुटुंब आडवं होतं. माप आधी कळलं तर त्याच मापाची प्रत करून देतो. सोबत मोबाइलवर उभे धरून काढलेले शुभेच्छांचे व्हिडिओ जोडायचे असतील तर ते काढणाऱ्यांना आधीच सांगा, फोन आडवा धरा म्हणून. उभा व्हिडिओ 16:9 च्या पडद्यावर एक तृतीयांश जागाही भरत नाही. आणि व्हॉट्सअॅपवरून आलेली फाइल नको, मूळ फोनमधली द्या.

एवढं करूनही शंका राहिली तर पेनड्राइव्ह घेऊन निघण्याआधी घड्याळावर चित्र थांबवा, टीव्हीचा समोरून फोटो काढा आणि दुकानाच्या नंबरवर पाठवा. टीव्हीची पूर्ण चौकट फोटोत यायला हवी. बहुतेक वेळा कुठलं बटण दाबायचं ते आम्ही तिथूनच सांगतो. सोमवारी दुकान बंद असतं, फोटो मंगळवारी बघू.