विद्यापीठांकडे पेटंट आले कुठून?

प्रयोगशाळेत लागलेल्या शोधाचा मालक कोण, याचे छापील उत्तर आज बहुतेक मोठ्या विद्यापीठांकडे तयार असते. धोरण असते, वेगळे कार्यालय असते, रॉयल्टीच्या वाटपाचे टक्केही ठरलेले असतात. शंभर वर्षांपूर्वी यातले फारसे काही नव्हते. वैद्यकशास्त्रात तर संशोधकाने पेटंट घेणे अशोभनीयच मानले जाई.

विद्यापीठे या व्यवहारात शिरली ती पैशासाठी नव्हे, निदान तसे सांगून तरी नव्हे. १९२३ मध्ये बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी इन्शुलिनच्या पेटंटचे हक्क प्रत्येकी १ डॉलर घेऊन टोरांटो विद्यापीठाच्या हवाली केले. दुसऱ्या कुणी त्यावर मक्तेदारी करू नये आणि औषधाच्या दर्जावर लक्ष राहावे, एवढाच हेतू होता.

विस्कॉन्सिन विद्यापीठाची गोष्ट इतकी साधी नाही. अतिनील किरणांच्या प्रक्रियेने अन्नातले ड जीवनसत्त्व वाढवता येते, असे तिथल्या हॅरी स्टीनबॉक यांना आढळले. मुलांचा मुडदूस टाळण्याचा हा स्वस्त उपाय होता. पेटंट सांभाळण्यासाठी १९२५ मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने विद्यापीठापासून कायद्याने वेगळे असे एक प्रतिष्ठान उभे राहिले. परवान्यांतून आलेला पैसा पुन्हा संशोधनातच जायचा. पण विस्कॉन्सिन हे दुधालोण्याचे राज्य. त्यामुळे लोण्याशी स्पर्धा करणाऱ्या मार्गारीनच्या उत्पादकांना परवाना नाकारला गेला. मार्गारीन खाणारी घरे गरिबांची आणि मुडदूसही जास्त त्यांच्याच मुलांना. १९४०च्या दशकात अमेरिकी न्यायालयाने ही पेटंट अवैध ठरवली आणि नेमक्या याच मुद्द्यावर प्रतिष्ठानाला खडसावले. लोकहितासाठी घेतलेले पेटंट लोकहिताच्या आड येऊ शकते, हे इतक्या लवकर दिसले होते. पुढच्या वादांत त्याची आठवण फारशी कुणी काढली नाही, हे मला नवल वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर संशोधनाचा खर्च सरकार उचलू लागले आणि मालकी हक्कही बहुधा सरकारकडेच राहू लागले. १९७०च्या दशकाअखेर अमेरिकी सरकारकडे सुमारे २८,००० पेटंट पडून होती आणि त्यांतली ५ टक्केही कुणी वापरायला घेतली नव्हती. हा आकडा भाषणांतून खूप गाजला. त्यातली बरीच पेटंट संरक्षण कंत्राटदारांनी हक्क घ्यायची मुभा असतानाही सोडलेली होती, ही बाब मात्र मागे पडली. १२ डिसेंबर १९८० रोजी बे-डोल कायदा झाला आणि सरकारी पैशातून लागलेल्या शोधाचा हक्क विद्यापीठाला स्वतःकडे ठेवता येऊ लागला. रॉयल्टीत संशोधकाला वाटा देणे बंधनकारक झाले. शोध नीट वापरात आणला नाही, तर सरकारला हस्तक्षेप करून दुसऱ्याला परवाना देण्याचा अधिकारही ठेवला गेला. तो आजवर एकदाही वापरलेला नाही.

या कायद्याच्या दहाच दिवस आधी, २ डिसेंबरला, स्टॅनफर्ड विद्यापीठाचे कोहेन आणि त्यांचे सहसंशोधक बॉयर यांच्या जनुक जोडण्याच्या तंत्राला पेटंट मिळाले होते. स्टॅनफर्डने कुणा एका कंपनीला ते बहाल न करता मागेल त्याला परवाना दिला. १९९७ मध्ये मुदत संपेपर्यंत त्यातून सुमारे २५ कोटी डॉलर जमा झाले. हा आकडा पाहून जगभर तंत्रज्ञान हस्तांतरणाची कार्यालये निघाली. त्यांतल्या बहुतेकांना आपला खर्चही भागवता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

कायद्याचे अनुकरणही झाले. जपानने १९९९ मध्ये तसा कायदा केला. जर्मनीत शोधाची मालकी परंपरेने प्राध्यापकाची असे, ती सवलत २००२ मध्ये गेली. इटलीने मात्र २००१ मध्ये उलट ती प्राध्यापकांना दिली आणि २०२३ मध्ये काढून घेतली. स्वीडनमध्ये ती अजून टिकून आहे.

मग २०११ मध्ये स्टॅनफर्ड विरुद्ध रॉश (औषध कंपनी) हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. स्टॅनफर्डच्या एका संशोधकाने विद्यापीठाला लिहून दिले होते, ‘हक्क देण्याचे मान्य करतो’. नंतर एका कंपनीत तंत्र शिकायला गेल्यावर त्याने तिथल्या कागदावर सही केली, त्यात होते, ‘याद्वारे हक्क देत आहे’. पहिला कागद आधीचा असूनही केवळ वचन ठरला, दुसऱ्याने हक्क तिथल्या तिथे त्या कंपनीकडे गेले आणि तिच्याकडून पुढे रॉशकडे आले. बे-डोल कायद्याने मालकी आपोआप विद्यापीठाकडे येते, हा स्टॅनफर्डचा दावा न्यायालयाने फेटाळला. शोध मुळात शोधकाचाच. त्यानंतर अनेक विद्यापीठांनी आपल्या करारनाम्यांतले ते क्रियापद बदलून घेतले.