सी-मंकीज: पहिल्या पुडीत काय असायचे?

सी-मंकीज म्हणजे मुलांसाठी पुड्यांतून विकले जाणारे आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवलेसे प्राणी. पहिल्या पुडीवर लिहिलेले असायचे ‘वॉटर प्युरिफायर’. नळाचे पाणी घ्या, त्यात ही पुडी टाका, एक दिवस थांबा, मग ‘इन्स्टंट लाइफ’ची दुसरी पुडी ओता. दुसरी पुडी पडते न पडते तोच पाण्यात पांढरे ठिपके वळवळू लागत.

ही फसवणूक होती की निव्वळ गंमत, या वादाचे मूळ याच क्रमात आहे. अंडी पहिल्या पुडीतच मिठाबरोबर मिसळलेली असत आणि त्या एका दिवसात ती उबून जात. दुसऱ्या पुडीत आणखी अंडी, यीस्टसारखे खाद्य आणि काही वेळा पाण्याला रंग आणणारे द्रव्य असे, म्हणजे आधीच जन्मलेली पिल्ले एकदम नजरेत भरावीत. 1972 मध्ये अमेरिकेत या पद्धतीला पेटंटही मिळाले. लहान मुलांसाठीची निरुपद्रवी हातचलाखी म्हणून अनेकांनी याकडे कौतुकाने पाहिले आहे. मला ते पटत नाही. ‘ताबडतोब जीव’ दाखवण्याच्या हट्टापायी खरी अद्भुत गोष्ट मुलांपासून लपवली गेली.

‘अंडी’ या शब्दानेही घोळ घातला आहे. पुडीतली भुकटी म्हणजे साधी अंडी नव्हेत. पाण्याचा खारेपणा वाढला, डबके आटू लागले, की आर्टेमियाची मादी जिवंत पिल्लांऐवजी कवचबंद भ्रूण सोडते. सुमारे 4,000 पेशींपर्यंत वाढून हा भ्रूण तिथेच थांबतो. त्यातले जवळजवळ सगळे पाणी निघून जाते. ट्रेहॅलोज नावाची साखर आणि काही खास प्रथिने पेशींची रचना ढासळू देत नाहीत. अशा अवस्थेत तो वर्षानुवर्षे टिकतो. पाणी, उजेड आणि ऊब मिळाली की साधारण दिवसभरात एका डोळ्याचे पिल्लू बाहेर पडते. पुढे त्याला आणखी दोन डोळे फुटतात, पायांच्या 11 जोड्या येतात आणि ते उताणे पोहते.

भुकटी टपालाने पाठवता येईल, हे एका अमेरिकन विक्रेत्याच्या 1957 मध्ये लक्षात आले. त्याआधी, 1930च्या दशकातच, माशांच्या पिल्लांना आर्टेमिया खाऊ घालण्याची पद्धत रुळली होती, त्यामुळे माल मिळणे अवघड नव्हते. 1960 मध्ये ‘इन्स्टंट लाइफ’ म्हणून विक्री सुरू झाली. 1962 मध्ये नाव बदलून ‘सी-मंकीज’ झाले. शेपूट माकडासारखी दिसते म्हणून ‘मंकी’. कॉमिक्समधल्या जाहिरातींत मात्र मुकुट घातलेले, माणसासारखे हसरे कुटुंब असे आणि चित्र काल्पनिक असल्याची ओळ बारीक अक्षरांत. माल चालला तो या चित्रावर, यात शंका नाही. विकली जाणारी ‘नायोस’ ही संकरित वाण होती, न्यूयॉर्क राज्यातल्या एका सागरी प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांवरून नाव दिलेली. वर्गीकरणशास्त्रात ती स्वतंत्र जात नाही.

इंग्लंडमधल्या मिठागरांतून अठराव्या शतकात या प्राण्याचे वर्णन झाले होते. अपोलो 16 आणि 17 मोहिमांबरोबर त्याचे कवचबंद भ्रूण चंद्राच्या वारीला गेले, तर 1998 मध्ये सी-मंकीजची अंडी अंतराळ यानातून जाऊन आली आणि परतल्यावर उबली. 2003 मध्ये मूळ विक्रेता वारला. पुढे त्याचे वारस आणि वितरक यांच्यात कोर्टबाजी झाली.

मुंबईत मत्स्यालये ठेवणाऱ्यांना आर्टेमिया ठाऊक असतो तो माशांचे खाद्य म्हणून. वडाळ्याच्या मिठागरांतही त्याची जुनी नोंद आहे. भारतातल्या मूळच्या आर्टेमियात बहुतांश माद्याच असतात आणि नराविना त्यांची प्रजा वाढते. कोळंबीच्या उबवणी केंद्रांसाठी मात्र अमेरिकन जातीची अंडी आयात होत आली. ती जात आता देशातल्या काही मिठागरांत मोकळी वाढते आहे आणि मूळच्या माद्यांची जागा घेते आहे.