मामांना ऐकू येत नाही, मग डीजेचा त्रास कसा होतो?

ऑर्केस्ट्रा सुरू व्हायच्या आधी मामा मला तीनदा म्हणाले, "जरा मोठ्यानं बोल की, काय पुटपुटायलास." आणि सुरू झाल्यावर दुसऱ्याच गाण्याला दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणाले, "चल घरी, डोकं फुटायची वेळ आली." मागच्या खुर्चीवरून मामेभाऊ हसला, "बघितलंस का, आप्पांचं नाटक. चहा घ्या म्हटलं तर ऐकू येत नाही आणि बँजो वाजला की कान दुखतात."

हा डायलॉग मी सोलापुरात किमान वीस घरांत ऐकलाय, फक्त आप्पाच्या जागी कुठं आजी, कुठं अण्णा. म्हातारं माणूस सोयीनं बहिरं होतं असा आपला एक पक्का समज आहे. तर ते नाटक नसतं. कमी ऐकू येणं आणि मोठा आवाज सहन न होणं ही एकाच बिघाडाची दोन टोकं आहेत आणि तो बिघाड इतका भारी आहे (म्हणजे अभ्यासायला भारी, मामांना नाही) की मला त्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

मामा एकाहत्तर वर्षांचे, त्यातली बत्तीस टॉवेलच्या मागावर गेली. मागाच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या वरच असतो, बऱ्याच ठिकाणी शंभरच्या जवळ, तिथं शेजारच्या मागावरच्या माणसाशी बोलायचं तर तोंड बघून आणि हातवारे करून. हे फक्त आपल्याकडचं नाही, स्कॉटलंडमधल्या डंडी गावात तागाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका ओठ वाचूनच बोलायच्या आणि 1960 च्या दशकात तिथल्या विणकरांच्या कानांचा रीतसर अभ्यासही झाला, जितकी वर्षं मागावर तितकं ऐकणं कमी. वय आणि मागाचा आवाज दोन्ही कानाच्या एकाच भागावर घाव घालतात.

तर कानाच्या आत, पडदा आणि ती तीन छोटी हाडं ओलांडून, एक गोगलगायीच्या शंखासारखी नळी असते, कोक्लिया. अडीच वेढे, सरळ केली तर साधारण 35 मिलिमीटर, म्हणजे तुमच्या करंगळीपेक्षाही लहान. आत पाण्यासारखा द्रव आणि मधून लांब जाणारी एक पट्टी. दाराशी शिटीसारखे तीक्ष्ण आवाज पट्टी हलवतात, आत टोकाला ढोलासारखे जाड आवाज. या पट्टीवर केसाळ पेशी बसलेल्या, एका रांगेत साधारण साडेतीन हजार आतल्या आणि तीन रांगांत बाराएक हजार बाहेरच्या. केस म्हणजे डोक्यावरचे नव्हेत, पेशीच्या माथ्यावरचे अतिसूक्ष्म कोंब, ते वाकले की पेशीत विद्युतभार शिरतो.

शाळेत आपल्याला सांगतात की पेशी हलली, मेंदूला संदेश गेला, संपलं. हे आतल्या पेशींबद्दल खरं आहे. मग बाहेरच्या बारा हजार कशाला? त्या मेंदूला जवळजवळ काहीच सांगत नाहीत. त्या नाचतात.

खरंच नाचतात. विद्युतभार बदलला की बाहेरची केसाळ पेशी आखडते आणि लांबते, आवाजाच्या तालावर, सेकंदाला हजारो वेळा. 1980 च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ जोनाथन अ‍ॅशमोर यांनी अशी एक सुटी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरून तिला रॉक अँड रोल गाण्याचा विद्युत सिग्नल दिला आणि ती एकटी पेशी गाण्यावर उड्या मारताना शूट केली. व्हिडिओ नेटवर आहे, नातवंडांना दाखवा. प्रत्येक लहर आली की या पेशी पट्टीला योग्य वेळी धक्का देतात, पाळण्याला देतो तसा, आणि बारीक आवाजाची हालचाल शंभर ते हजार पट वाढते. म्हणजे कान हा नुसता माईक नाही, आत अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला आहे.

यामागची गोष्टही मजेची आहे. बेकेशी या शास्त्रज्ञानं मृत माणसांच्या कोक्लिया तपासून पट्टी कशी हलते ते दाखवलं, त्याला 1961 चं नोबेल मिळालं, पण मेलेल्या कानात पट्टी फार ढिली हलायची. थॉमस गोल्ड नावाचा तरुण (हा पुढं खगोलशास्त्रात गेला) 1948 मध्येच म्हणत होता की जिवंत कानात काहीतरी जोर लावणारं असलं पाहिजे आणि तसं असेल तर कानातून आवाज बाहेरही यायला हवा. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. तीस वर्षांनी, 1978 मध्ये, डेव्हिड केम्प यांनी कानात बारीक माईक घातला आणि आवाज खरंच सापडला! आज नवजात बाळांची श्रवण चाचणी करतात त्यातल्या एका प्रकारात हाच आवाज मोजतात, बाळ झोपलेलं असलं तरी चालतं.

आणि ती पेशी आखडते कशानं? तिच्या भिंतीत प्रेस्टिन नावाचं प्रथिन ठासून भरलेलं असतं, 2000 साली पीटर डॅलस यांच्या प्रयोगशाळेनं शोधलं. स्नायूत जशी एटीपी (पेशीचं इंधन) जाळून हालचाल होते तशी इथं होत नाही, पेशीच्या आतबाहेरचं व्होल्टेज बदललं की प्रथिनाचा आकार थेट बदलतो, त्यात क्लोराइड आयन गुंतलेले असतात, अशी लाखो प्रथिनं एकदम आकसली की भिंतीचं क्षेत्रफळ घटतं, पेशी आखूड होते, व्होल्टेज उलटं झालं की पुन्हा लांब, आणि हे सगळं चालवायला कोक्लियातल्या द्रवात साधारण 80 मिलिव्होल्टची बॅटरी कायम चार्ज ठेवलेली असते, ती रक्तपुरवठ्यावर चालते, म्हणून वयानुसार तीही ढेपाळते... बरं, इथं माझी बायको म्हणाली "बास, झोप आली", तेव्हा थांबतो. एवढं मात्र सांगू द्या की प्रेस्टिन हे नाव संगीतातल्या प्रेस्टो, म्हणजे द्रुत, या शब्दावरून आलंय. आपल्याकडं शोध लागला असता तर द्रुतिन म्हटलं असतं.

आता मामांकडं वळू. हा अ‍ॅम्प्लिफायर सगळ्या आवाजांना सारखा वाढवत नाही, यातच सगळी मेख आहे. पंगतीत वाढणारी आजी आठवा. जो कमी खातो त्याच्या ताटात आग्रह करकरून वाढते आणि जो स्वतःच चार भाकरी ओढतो त्याच्याकडं बघतही नाही. बाहेरच्या पेशी बारीक आवाजाला भरपूर वाढतात, मोठ्या आवाजाला जवळपास हातच लावत नाहीत. वयानं आणि मागाच्या आवाजानं या पेशी मेल्या म्हणजे आजी गेली. मग कमी खाणारा उपाशी, पण चार भाकरीवाल्याला काय फरक पडला? तो पूर्वीइतकंच खातोय. कुजबुज गायब, पण डीजेचा दणका जसाच्या तसा मेंदूपर्यंत पोहोचतो. तरुण कानाला ऐकू येण्यापासून दुखण्यापर्यंत शंभरेक डेसिबलची जागा असते, मामांना पन्नासच्या खालचं ऐकूच येत नाही आणि शंभरला त्रास सुरू. मधली जागा निम्मी उरली. त्यामुळं आवाज थोडा वाढवला तरी त्यांना तो एकदम अंगावर आल्यासारखा वाटतो, याला रिक्रूटमेंट म्हणतात. मामेभावाला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे आप्पा खरं बोलतात?" होय बाबा, खरं बोलतात.

दुसरी अडचण अक्षरांची. दाराशी बसलेल्या, तीक्ष्ण आवाजाच्या पेशी आधी मरतात आणि स, श, फ, त, ट ही व्यंजनं तिथंच राहतात. स्वर जाड असतात ते टिकतात. त्यामुळं साप, ताप, काप, चाप हे सगळं मामांना "आप" ऐकू येतं. पार्क मैदानावर मॅच बघताना भोंग्यावर साठ रन सांगितले आणि मामा म्हणाले, "अजून आठच?" त्यात भोंग्याचा आवाज स्टँडवर आपटून दोनदा येतो. आणि ढोल, बेस गिटार असला की जाड आवाज वरच्या तीक्ष्ण व्यंजनांना झाकून टाकतात, म्हणून गाण्याच्या मधे निवेदक काय म्हणाला ते त्यांना कळतच नाही.

तरीपण मॅचला न्यायला काही हरकत नाही असं माझं मत, उलट मॅच बरी. गर्दीचा गोंगाट सलग नसतो, विकेट पडली की उसळतो मग खाली बसतो, कानाला उसंत मिळते. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या अ‍ॅरोहेड स्टेडियमवर 2014 मध्ये प्रेक्षकांनी 142.2 डेसिबलचा विक्रम केला, पण तो क्षणाचा. ऑर्केस्ट्रा किंवा डीजे तीन तास सलग चालतो. हिशोब असा की 85 डेसिबल आठ तास चालतं आणि पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. हा कामगारांसाठीचा, वर्षानुवर्षं रोज ऐकण्याचा हिशोब आहे, एका रात्रीनं कान जात नाही, पण अंदाज येतो. त्या रात्री माझ्या फोनवरच्या अ‍ॅपनं 97 दाखवलं (फोनवर फार विश्वास नको, तरी), म्हणजे अर्धा तास. आम्ही स्पीकरपासून दहाएक मीटरवर होतो. उघड्या मैदानात अंतर दुप्पट केलं की साधारण 6 डेसिबल कमी होतात, म्हणजे चाळीस मीटरवर 85 आणि अर्ध्या तासाचे आठ तास! लटकवलेल्या स्पीकरांच्या माळा असतील तर इतकं उतरत नाही, पण उतरतं. पुढची खुर्ची मानाची म्हणून ज्येष्ठांना नेमकं स्पीकरच्या तोंडाशी बसवतात, हा मान कुणी काढला काय की.

बाकी, कानात कापूस घालून फार काही होत नाही, थोडा वरच्या पट्टीतला आवाज कमी होतो आणि तेवढाच तर मामांना आधी हवा असतो. फोमचे प्लग दणका कमी करतात पण तेही वरचाच आवाज जास्त खातात, संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या उतरवतात. ऐकायचं मशीन लावत असाल तर ऑडिओलॉजिस्टकडून त्यात संगीताचा वेगळा प्रोग्राम करून घ्या, बोलण्यासाठी केलेली सेटिंग हार्मोनियमची वाट लावते. आणि स्टँडच्या पायऱ्या अंधारात उतरताना हात धरा, कारण तोल सांभाळणारा अवयवही कोक्लियाला लागूनच आहे आणि तोही केसाळ पेशींवरच चालतो.

लसणाचं तेल कोमट करून कानात घालणारे आमच्या गल्लीतच चार जण आहेत. ते तेल पडद्याच्या अलीकडंच राहतं, कोक्लियापर्यंत जातच नाही, आणि पडद्याला भोक असेल तर उलट नुकसान. मेलेली केसाळ पेशी माणसात परत उगवत नाही. कोंबडीत उगवते, हे 1980 च्या दशकात कळलं, आणि तेव्हापासून माणसात उगवायच्या बातम्या दर दोन वर्षांनी येतात. अमेरिकेतल्या एका कंपनीच्या औषधाचा मोठा गाजावाजा झाला होता, 2023 मध्ये ते चाचणीत साफ पडलं. एक मात्र लक्षात ठेवा, एका कानानं अचानक ऐकू येणं बंद झालं तर ते वय नव्हे, दोन-तीन दिवसांच्या आत कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जा, तेव्हा औषधाचा उपयोग होऊ शकतो.

त्या रात्री घरी नाही गेलो. खुर्च्या उचलून मागं, शेंगावाल्याच्या गाडीपाशी नेल्या. मामांनी कानावरचे हात काढले, दहा मिनिटांनी मांडीवर ठेका धरला. मधेच मी विचारलं, "आता बरं वाटतंय का?" तर म्हणाले, "काय?"